शीण वेगळा, घोर वेगळा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या वेळच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘टेन्शन’ हा शब्द आहे आणि प्रत्येक पत्रात त्याचा अर्थ निराळा आहे. कुणाला कामाचा शीण चढलाय, कुणाला उद्याचा घोर लागलाय, कुणाला दोन्ही. हा फरक करण्यामागे कारण आहे. शिणलेल्या माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरवावं लागतं. घोर लागलेल्याला, तो जे टाळतोय तेच थोडं थोडं करावं लागतं. एकाचा उपाय दुसऱ्याला दिला की दोघांचंही बिघडतं. पत्रं थोडक्यात आणि ओळख पटणार नाही अशी दिली आहेत.

प्रश्न : मी बँकेत शाखा अधिकारी आहे. दीड वर्षापासून सकाळी उठतानाच गळून गेल्यासारखं वाटतं. ग्राहक समोर आला की आधी वैताग येतो, मग स्वतःचीच लाज वाटते. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. दिवाळीला जोडून दहा दिवस रजा काढून कोकणात गेलो, तिथे बरं वाटलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे डिप्रेशन आहे का? रजेचा उपयोग का होत नाही? – वय ४३, सोलापूर

उत्तर : ‘तिथे बरं वाटलं’ हे तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य. नैराश्य माणसाबरोबर कोकणातही येतं. समुद्र, मासे, मुलांचा दंगा, कशातच रस वाटत नाही. चिंतेचा त्रास असलेला माणूस किनाऱ्यावर बसूनही शाखेचे मेल चाळत असतो. कामाचा शीण मात्र, निदान सुरुवातीच्या काळात, कामापासून लांब गेलं की उतरतो. ही काही पक्की तपासणी नव्हे, पण दिशा कळते. शीण वर्षानुवर्षं तसाच ओढला तर पुढे नैराश्यात उतरू शकतो, म्हणून ‘सुट्टीत बरं वाटतंय ना’ हे अधूनमधून पाहत राहा.

‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञांनी रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. नोकरी-व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिथे तीन खुणा दिल्या आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर शीण, उबग आणि ‘माझ्या हातून आता काही धड होत नाही’ ही भावना. नुसता शीण म्हणजे बर्नआउट नव्हे. मार्चअखेरीला सगळेच शिणतात आणि एप्रिलमध्ये सावरतात. तुम्हाला ग्राहकाचा वैताग येतो, ती दुसरी खूण. तो तुमच्या स्वभावातला दोष समजून स्वतःला बोल लावत बसू नका.

मनाचं निदान करण्याआधी रक्त तपासून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, उपाशीपोटीची साखर. शाकाहारी असाल तर बी-१२ चुकवू नका. घोरत असाल, सकाळी डोकं जड असेल आणि दुपारी खुर्चीतच डुलकी लागत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार नाही ना हेही डॉक्टरांना विचारा. असा विकार असलेल्याला तणावमुक्तीची शंभर शिबिरं केली तरी सकाळी ताजंतवानं वाटणार नाही.

आता रजेबद्दल. हप्ता पुढे ढकलला म्हणून कर्ज फिटत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. मुद्दल शाखेतच आहे. ते कुठे साचलंय हे शोधायला क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या अभ्यासकांनी सहा खाती सांगितली आहेत : कामाचा बोजा, कामावरचा आपला ताबा, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय आणि मूल्यं. एक वही करा. चौदा दिवस, रोज घरी निघण्याआधी पाच मिनिटं, तीन रकाने : आज सर्वांत जास्त दमवणारं काम कोणतं, त्याला किती मिनिटं लागली, आणि ते सहापैकी कोणत्या खात्यात बसतं. अनेकदा असं दिसतं की सर्वांत दमवणारं काम हे सर्वांत वेळखाऊ काम नसतंच. चार तासांच्या कर्जाच्या फायली माणूस निभावतो. पेन्शनर आजोबांना गरज नसलेली विमा पॉलिसी गळ्यात मारायची वीस मिनिटं त्याला पार पिळून काढतात. पहिलं बोज्याचं खातं, दुसरं मूल्यांचं. बोज्याच्या खात्यातला त्रास माणसं आणि वेळ यांची फेरमांडणी करून कमी होतो. मूल्यांच्या खात्यातला त्रास प्राणायामाने जात नाही. त्याला काम बदलून मागणं, विभाग बदलणं, नाहीतर नियमावर बोट ठेवून नाही म्हणणं एवढेच रस्ते आहेत. कार्यालयं ताणावर योगशिबिरं भरवतात तेव्हा ही सहा खाती कुणी उघडत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

वरिष्ठांकडे जाताना ‘साहेब, फार ताण आहे’ म्हणालात तर ‘कुणाला नाही?’ हेच ऐकाल. वही घेऊन जा आणि एकच गोष्ट मागा, मोजता येईल अशी, मुदत घालून : ‘दुपारी ३ ते ४ मी फक्त फायली बघेन, त्या तासात काउंटरच्या तक्रारी दुसरे अधिकारी घेतील, सहा आठवडे करून पाहू.’ दहा मागण्या एकदम मांडल्या तर एकही पदरात पडत नाही. संध्याकाळी निघताना उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात फिरत राहतं, कागदावर आलं की ते फिरणं कमी होतं. रविवारच्या गोळ्यालाही हाच उपाय चालतो, फक्त कागद शनिवारी लिहायचा.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मेट्रोत एकदम धडधड, घाम, हाताला मुंग्या, आता संपलंच असं वाटलं. रुग्णालयात ईसीजी, ट्रोपोनिन, नंतर टू-डी इको, सगळं नॉर्मल. पुढे दोनदा तसंच झालं. आता मेट्रो सोडली, घरून काम मागून घेतलं. पाण्याची बाटली आणि एक गोळी कायम खिशात असते. आई म्हणते, आराम कर. – वय २७, पिंपरी

उत्तर : पहिल्या वेळी रुग्णालयात गेलात ते अगदी बरोबर केलंत. पहिला झटका हृदयाचाच समजून तपासायचा. यापुढेही छातीतलं दुखणं श्रम करताना येत असेल, जबडा-खांदा-डाव्या हातात उतरत असेल किंवा शुद्ध हरपली तर श्वास मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. वय चाळिशीपुढचं असेल किंवा मधुमेह असेल तर हे दुप्पट कडकपणे पाळायचं.

तुम्हाला जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका नसताना शरीराची धोक्याची घंटा वाजते, अॅड्रेनलिन सुटतं, हृदय धावतं. माणूस घाबरून भराभर श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकतो. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, चक्कर, तरंगल्यासारखं वाटणं, हे सगळं त्यातून येतं. गंमत अशी की ‘श्वास पुरत नाही’ असं वाटत असताना बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८ दाखवतो. म्हणून ‘मोठा श्वास घे’ हा भोवतीच्या लोकांचा सल्ला आगीत तेल ओततो. लांबवायचा तो उच्छ्वास : नाकाने ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर, मिनिटाला सहा श्वास. रोज दोनदा पाच-पाच मिनिटं शांत असताना सराव करा; ऐन झटक्यात पहिल्यांदाच करायला गेलात तर जमणार नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो घातक ठरतो. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरायला लागतो. तुम्ही काही केलं नाही तरी ओसरतो, आणि तुम्हाला अजून पटलेलं नाही ते नेमकं हेच.

न पटण्याचं कारण तुमच्या खिशात आहे. बाटली, गोळी, दाराजवळची जागा, घरून काम. झटका ओसरला की मेंदू श्रेय बाटलीला देतो. आईचा ‘आराम कर’ हा सल्ला सोलापूरच्या वाचकांना थोडाफार चालला असता. तुम्हाला तो बाधतोय. घोर लागलेल्या माणसाने जितकं टाळावं तितकं त्याचं जग आक्रसतं.

उपाय म्हणजे शिडी. प्रत्येक पायरीला ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा द्या. तुमच्यासाठी ती अशी काहीशी होईल. पीसीएमसी स्थानकाच्या फलाटावर पंधरा मिनिटं उभं राहायचं, गाडीत चढायचं नाही : ३०. दुपारच्या निवांत वेळी संत तुकाराम नगरपर्यंत एकच स्थानक : ४०. दापोडीपर्यंत, दारापासून लांब बसून : ५५. शिवाजीनगरपर्यंत, जिथे गाडी जमिनीखाली जाते : ७०. गर्दीच्या वेळी सिव्हिल कोर्टला उतरून मार्गिका बदलणं : ८५. बाटली आणि गोळी घरी ठेवून एकट्याने स्वारगेट : ९५. एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा करा. आकडा निम्म्यावर आला की वरची पायरी.

बिघडतं कुठे, तर बहुधा तीन ठिकाणी. भीती चढत असतानाच माणूस उतरतो. मग मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. दुसरं, जोशात थेट वरच्या पायरीवर उडी मारतो आणि आपटला की सगळंच सोडतो. तिसरं जरा बारीक आहे : शिडीवर असताना श्वासाच्या युक्तीचाही टेकू घ्यायचा नाही. घरी सराव जरूर करा, पण गाडीत बसल्या क्षणापासून ४-६ मोजत राहिलात तर तीच नवी बाटली होते. तिथे काम एवढंच : धडधड होऊ द्यायची आणि ती आपोआप उतरते हे पाहायचं. पुनःपुन्हा ईसीजी काढणं आणि रात्री लक्षणं शोधत मोबाइल चाळणं याच जातीतलं, आजपासून बंद. कार्यालयात आठवड्याला दोन दिवस जायला या महिन्यातच सुरुवात करा. सहा ते आठ आठवड्यांत शिडी हलली नाही तर वर्तन-बोधनिक उपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची मदत घ्या.

प्रश्न : सासूबाईंना सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. सगळं मीच बघते. रात्री चार-चारदा उठावं लागतं. परवा आंघोळीच्या वेळी त्यांचा हात जोरात ओढला आणि मग तासभर रडत बसले. दीर पुण्यात, नणंद अमेरिकेत. फोनवर ‘वहिनी, तू आहेस म्हणून’ एवढं म्हणतात. यजमान दुकानात. मीच वाईट झाले का? – वय ५४, जळगाव

उत्तर : ताई, सहा वर्षं सलग रात्री चारदा उठणाऱ्या कुणाचाही हात कधीतरी ओढला जाईल. तो पुन्हा ओढला जाऊ नये यासाठी सुरुवात झोपेपासून करू, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

सासूबाई रात्री का उठतात ते आठ दिवस लिहा. लघवीसाठी असेल तर दिवसाचं पाणी कमी न करता ते संध्याकाळी सहाच्या आत सरकवा, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासापुरती ठेवा आणि चारच्या सुमाराला त्यांना उजेडात, ओट्यावर किंवा गॅलरीत बसवा. स्मृतिभ्रंशात सांज झाली की बेचैनी वाढते, घरात अंधार दाटायच्या आधी दिवे लावलेले बरे. रात्री डायपर आणि पलंगाजवळ मंद दिवा. बद्धकोष्ठ आणि सांधेदुखी तपासून घ्या. त्यांना सांगता येत नाही, पण दुखण्याने झोप मोडते. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : एक-दोन दिवसांत त्या अचानक खूप जास्त गोंधळल्या, तर तो आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध अशी कारणं निघतात आणि त्यावर उपचार असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आंघोळ रोज घातलीच पाहिजे असं नाही. एक दिवसाआड घाला, मधल्या दिवशी कोमट पाण्याने अंग पुसा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. स्वतःचा आवाज चढतोय, दात आवळले जाताहेत असं जाणवलं की त्या सुरक्षित बसल्या आहेत एवढं पाहून पाच मिनिटं खोलीबाहेर जा. काम अर्धवट राहिलं तर राहू दे. हात उगारायची वेळ वारंवार येत असेल, किंवा ‘या सुटल्या तर बरं’ असं सारखं मनात येत असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना हे उघड सांगा. त्यांच्या कानांना ते नवीन नसतं.

आता घरच्यांकडे वळू. ‘मदत करा’ म्हणू नका. त्याचं उत्तर ‘हो हो, नक्की’ असतं. चोवीस तासांत तुम्ही काय काय करता ते तासवार लिहा आणि त्या कागदाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, टीकाटिप्पणी न करता. मग प्रत्येकाकडे एकेक नेमकी गोष्ट मागा. यजमानांकडे आठवड्यातल्या दोन रात्री, ठरलेल्या वारी, तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून. पुण्याच्या दिरांकडे वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस. ते इथे येऊन राहिले तर उत्तम, कारण अशा रुग्णाला जागा बदललेली सोसत नाही. नणंदेकडे रात्रपाळीच्या मदतनीस बाईंचा पगार. नकार आला तर तो नकार तरी सगळ्यांसमोर येतो.

तुमच्या अवस्थेचं मोजमाप करणारी झॅरिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली मानसोपचार विभागात मिळते. ती भरून घ्या. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांचे काळजीवाहक यांच्यासाठी काम करते, त्यांच्याकडून माहिती मागवा. आणि रक्तदाब, साखर स्वतःची शेवटची कधी तपासली होती?

प्रश्न : राज्यसेवेची तयारी करते, तिसरा प्रयत्न. अभ्यासिकेत बसलं की ‘यंदा नाही झालं तर’ सुरू होतं. टेस्ट सिरीज लावली, पण अजून एकही पेपर दिलेला नाही. रात्री दोनपर्यंत झोप नाही, दिवसाला सहा-सात चहा. मला बर्नआउट झालाय. महिनाभर गावी जाऊन यावं का? – वय २६, पुणे

उत्तर : पत्रात अभ्यासाचा कंटाळा कुठेच दिसत नाही, टाळलेला पेपर मात्र दिसतो. याला आम्ही घोर म्हणू. महिनाभर गावी गेलात तर पहिले दोन दिवस हलकं वाटेल, मग परीक्षा एका महिन्याने जवळ आलेली असेल आणि पेपर तसाच न सोडवलेला. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी घ्या, ती हक्काची. महिना नको.

पेपरचीही शिडी करा. पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाला १०० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे २५ प्रश्नांना अर्धा तास. उद्या सकाळी घड्याळ लावून २५ प्रश्न सोडवा, गुण न मोजता. तीन दिवसांनी गुण मोजून. आठवड्याने ५०. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण पेपर, इतरांबरोबर, क्रमांक लागतो तिथे.

‘नाही झालं तर’ या विचाराला वेळ नेमून द्या. रोज संध्याकाळी साडेपाच ते पाच-पन्नास, झोपायच्या खोलीबाहेर. दिवसभर तो विचार आला की चिठ्ठीवर चार शब्द लिहायचे आणि ‘साडेपाचला’ म्हणून पुढे जायचं. साडेपाचला चिठ्ठ्या काढून दोन ढीग : ज्यावर या आठवड्यात काही करता येईल ते, आणि ज्यावर काहीच करता येणार नाही ते. पहिल्या ढिगाला तारीख आणि पुढचं पाऊल. दुसरा नुसता वाचून ठेवायचा. पहिले चार-पाच दिवस हे खुळचट वाटतं आणि त्याच टप्प्यावर बहुतेक जण सोडतात. दोन आठवडे नेटाने करा.

चहा एकदम तोडू नका, डोकं दुखेल. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत दोन-तीनवर या, शेवटचा दुपारी दोनच्या आत. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. उठायची वेळ एकच ठेवा, कितीही वाजता झोप लागली असली तरी. अंथरुणात अंदाजे वीस मिनिटं तळमळलात तर उठून मंद दिव्यात काहीतरी नीरस करा, डोळे जड झाले की परत या. हॉस्टेलच्या कॉटवर बसून अभ्यास करणं बंद. ती जागा झोपेची आहे हे शरीराला कळलं पाहिजे.

जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते; गुण ० ते २१. पाचच्या आत किरकोळ, १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना भेटणं योग्य, १५ किंवा जास्त म्हणजे तीव्र. ती निदान करत नाही, चाळण लावते. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही असेल तर बेरजेकडे न बघता त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेली-मानस, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : फॅमिली डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी अल्प्राझोलम ०.५ दिली होती. रोज रात्री एक घेतो. बंद केली की दुसऱ्या दिवशी दुप्पट घाबरल्यासारखं होतं. सवय लागली का? – वय ६१, कोल्हापूर

उत्तर : हो. अल्प्राझोलमच्या गटातली, म्हणजे घबराट शमवून झोप आणणारी औषधं काही दिवसांपासून दोन-चार आठवड्यांपर्यंतच वापरायची असतात. पुढे शरीर त्यांना सरावतं आणि गोळी चुकली की जी घबराट येते ती आजाराची नव्हे, गोळीच्या अभावाची असते. पण आजच्या आज बंद करू नका. दोन वर्षांनंतर एकदम थांबवलं तर फिट (आकडी) येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, साधारण दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के, शेवटचा तुकडा सर्वांत सावकाश. कधी आधी जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर नेऊन मग कमी करतात. काही महिने लागतील. तोवर दारू वर्ज्य; दोन्ही मिळून श्वास मंदावतो. साठीनंतर ही गोळी तोल घालवते, म्हणून रात्री बाथरूमला जाताना दिवा लावा.

मूळ चिंतेसाठी एसिटालोप्रामसारखी औषधं दिली जातात. त्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी उलट वाढू शकते. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून लोक नेमकं तेव्हाच सोडतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायचं आणि सावकाश उतरवायचं.

प्रश्न : अश्वगंधा घेतली तर चालेल का? – वय ३५, पणजी

उत्तर : थायरॉइडचा किंवा यकृताचा त्रास असेल, गरोदर असाल, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर नको. यकृताला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. एरवीही वैद्यांच्या सल्ल्यानेच, आणि तुमच्या डॉक्टरांना माहीत असू द्या. ओझं कमी करायचं किंवा टाळलेलं काम करायचं, ते मात्र ती तुमच्याऐवजी करणार नाही.

प्रश्न : मुलाला दाखवायचंय, पण कुणाकडे जावं कळत नाही. उद्या नोकरीत किंवा लग्नात आडवं येईल का? – पालक, लातूर

उत्तर : औषध लिहून देऊ शकतात ते मानसोपचारतज्ज्ञ; ते एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर असतात. बोलून उपचार करतात ते चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. मुलगा झोपत-जेवत असेल आणि कामाला जात असेल तर बोलण्याच्या उपचाराने सुरुवात करता येते. ते सगळं कोलमडलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. जवळचं सरकारी ठिकाण म्हणजे जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो. नावाला बिचकू नका.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे; कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर ती कार्यालयाला किंवा पाहुण्यांना देता येत नाही. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यावं असं तोच कायदा म्हणतो. स्थळाचा प्रश्न कायद्याने सुटत नाही हे खरं आहे. पण उपचाराविना घरात बसलेला मुलगा पाहुण्यांना दिसतोच.

पहिल्या भेटीला एका कागदावर एवढं लिहून न्या : त्रास कधी सुरू झाला, त्याच्या आगेमागे घरात-नोकरीत काय घडलं, झोपेचे तास, चालू असलेली सगळी औषधं मात्रेसकट, दारू-तंबाखू किती, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, आणि तो कोणकोणत्या गोष्टी करायच्या सोडून बसलाय. शेवटचा मुद्दा मुलालाच लिहू द्या. आणि निदान पहिली वीस मिनिटं त्याला डॉक्टरांबरोबर एकट्याला बसू द्या. तुम्ही बाहेरच्या बाकावर थांबा.